फ्रँक्लिन रूझवेल्ट यांचीं पंगुत्वाचीं वर्षें

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९४६ सालीं दहा सेंटांचें एक नवें नाणें निघालें. त्यावर एका पुरुषाचें मस्तक कोरलेलें आहे : रुंद कपाळ, ठाम हनुवटी आणि प्रसन्न वाटणारी मुद्रा. नाण्यावर मस्तकाखालचें शरीर दिसत नाहीं, हें रीतीला धरूनच झालें. परंतु ह्या पुरुषाच्या पायांकडे त्याच्या हयातींतसुद्धां लोकांनीं फारसें पाहिलें नव्हतें, आणि ते किती निर्जीव आहेत हें फार थोड्यांस ठाऊक होतें. बारा वर्षें तो त्या राष्ट्राचा अध्यक्ष होता, आणि त्या बारा वर्षांत कोणाच्या अथवा कशाच्या आधारावांचून तो चार पावलेंही चालला नाहीं. राजकारणांतील त्याचें कर्तृत्व इतिहासाच्या पुस्तकांत वाचावयास मिळतें. आम्ही येथें सांगणार आहों ती हकीकत त्याच्या पायांची आहे. नाणें दहा सेंटांचेंच कां, हेंही ओघानें येईल.

फ्रँक्लिन डेलानो रूझवेल्ट यांचा जन्म ३० जानेवारी १८८२ रोजीं न्यूयॉर्क संस्थानांतील हाइड पार्क ह्या गांवीं, हडसन नदीच्या कांठच्या एका सधन घराण्यांत झाला. मातोश्री साराबाई यांचें तें एकुलतें एक अपत्य. ग्रोटन येथील शाळा, हार्वर्ड विद्यापीठ, मग कायद्याचा अभ्यास, अशा ठरलेल्या वाटेनें त्यांचें शिक्षण झालें. १९०५ सालीं दूरच्या नात्यांतील एलिनॉर रूझवेल्ट यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. वधूचे चुलते थिओडोर रूझवेल्ट हे त्या वेळीं राष्ट्राध्यक्ष होते, आणि आपणही त्याच पायऱ्या चढून जावें अशी ह्या तरुणाची मनीषा होती. १९१० सालीं न्यूयॉर्कच्या विधिमंडळांत निवड, १९१३ पासून सात वर्षें आरमार खात्याचे उपमंत्री, १९२० सालीं डेमोक्रॅटिक पक्षातर्फें उपाध्यक्षपदाचे उमेदवार. त्या निवडणुकींत पक्षाचा पराभव झाला. परंतु उमेदवाराचें वय अवघें अडतीस होतें. सहा फुटांवर उंची, शिडाचीं तारवें हांकण्याचा नाद, पोहण्याची हौस. आयुष्यांत कोणतीही गोष्ट त्यांना फार कष्टानें मिळवावी लागली नव्हती.

१९२१ च्या ऑगस्ट महिन्यांत हें कुटुंब कॅम्पोबेलो नांवाच्या बेटावरील आपल्या उन्हाळी घरीं होतें. बेट कॅनडाच्या हद्दींत, पण अमेरिकेच्या किनाऱ्याला अगदीं लागून आहे. ता. १० रोजीं घरच्या मंडळींसह तारवांतून फिरत असतां एका लहान बेटावर रान पेटलेलें दिसलें. सर्वांनीं उतरून ती आग झोडपून विझविली. मग एका तळ्यांत पोहणें झालें, मग समुद्राच्या गारठणाऱ्या पाण्यांत बुडी, मग घरापर्यंत धांवणें. आणि घरीं टपाल आलेलें पाहून ओल्या कपड्यांनींच रूझवेल्ट तें वाचीत बसले. थोड्या वेळानें हुडहुडी भरली, म्हणून न जेवतांच ते निजावयास गेले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं एक पाय लटपटूं लागला व अंगांत १०२ अंश ताप चढला. तिसऱ्या दिवशीं त्यांना उभें राहतां येईना. पुढच्या कांहीं दिवसांत छातीपासून खालचे स्नायु निकामी झाले, लघवी नळीवांचून होईना, आणि अंगावरच्या पांघरुणाचा स्पर्शही सोसेना.

जवळच्या गांवचे डॉक्टर बेनेट यांना प्रथम तें पडसें वाटलें. त्या भागांत उन्हाळ्यासाठीं आलेले डॉ. विल्यम कीन हे मोठे नामांकित शस्त्रवैद्य होते. त्यांचें वय तेव्हां चौऱ्यायशीं. त्यांनीं पृष्ठरज्जूच्या खालच्या भागांत रक्ताची गुठळी झाली आहे असें निदान केलें, पाय जोरानें चोळावयास सांगितलें, आणि मागाहून सहाशें डॉलरांचें बिल पाठविलें. त्यांच्या सांगण्याप्रमाणें एलिनॉरबाई आणि लुई हाउ हे रूझवेल्ट यांचे निष्ठावंत स्नेही आळीपाळीनें पाय चोळीत बसले. अखेर ता. २५ ऑगस्ट रोजीं हार्वर्डचे डॉ. रॉबर्ट लव्हेट येऊन पोंचले. त्यांनीं रोग ओळखला : बालपक्षाघात, म्हणजे आज आपण ज्यास पोलिओ म्हणतों तो. चोळणें त्यांनीं ताबडतोब थांबविलें, कारण दाह चालू असतांना स्नायु रगडल्यानें अपायच होतो. ज्यांनीं एवढे दिवस मायेनें हात झिजविले होते, त्यांना हें ऐकून काय वाटलें असेल!

ह्या रोगाचें स्वरूप थोडें समजून घेतल्यावांचून पुढची हकीकत नीट कळणार नाहीं. पोलिओचा विषाणु तोंडावाटे पोटांत जातो व आंतड्यांत वाढतो. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाहीं, अथवा थोडा ताप येऊन जातो. सुमारें दोनशें जणांत एखाद्याच्याच शरीरांत तो मज्जासंस्थेपर्यंत जाऊन पृष्ठरज्जूच्या करड्या भागाचा दाह उत्पन्न करतो. स्नायूंना हालचालीची आज्ञा पोंचविणाऱ्या पेशी तेथें असतात. त्यांतील ज्या मेल्या त्या पुन्हां उत्पन्न होत नाहींत. ज्या नुसत्या दुखावलेल्या असतात त्या हळूहळू सावरतात, आणि म्हणून पहिल्या महिन्यांत रोग्याच्या अंगीं थोडी शक्ति परत येते. त्यास वाटतें, अशीच सारी परत येईल. पण एका टप्प्यावर ती थांबते, आणि रोग्याची खरी परीक्षा तेथें सुरू होते.

१९१६ सालीं न्यूयॉर्क शहरांत ह्या रोगाची भयंकर सांथ आली होती. सुमारें नऊ हजार लोक, बहुतेक लहान मुलें, आजारी पडलीं व दोन हजारांहून अधिक दगावलीं. त्या वर्षीं आपल्या मुलांना शहरापासून दूर ठेवावें म्हणून रूझवेल्ट यांनीं त्यांना उन्हाळाभर ह्याच कॅम्पोबेलो बेटावर राहावयास लावलें होतें. मुलें सुरक्षित राहिलीं. पांच वर्षांनीं बापावर घाला आला. एकोणचाळीस वर्षांच्या धडधाकट गृहस्थाला हा रोग होणें इतकें विरळ, कीं २००३ सालीं कांहीं वैद्यकीय संशोधकांनीं त्यांचा रोग पोलिओ नसून मज्जातंतूंचा दुसराच एक दाहक विकार असावा असें मत मांडलें. तें मत सर्वांना मान्य झालेलें नाहीं. रोग्याच्या पायांना मात्र ह्या वादानें कांहीं फरक पडला नसता.

सप्टेंबरच्या मध्यास त्यांना डोलीसारख्या खाटेवर घालून उतारावरून होडीपर्यंत नेलें, आणि पैलतीरीं आगगाडीच्या खिडकींतून आंत घेतलें. वर्तमानपत्रांच्या बातमीदारांना हाउ यांनीं युक्तीनें दुसरीकडेच उभें केलें होतें. न्यूयॉर्कच्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयांत सहा आठवडे काढल्यावर ऑक्टोबरअखेर त्यांना घरीं पाठविण्यांत आलें. सुधारणा नाहीं, असाच शेरा त्या वेळीं त्यांच्या कागदांवर पडला होता.

त्यानंतरचा हिंवाळा फार वाइटांतला होता. जानेवारी १९२२ मध्यें मांड्यांमागचे स्नायु आंखडून गुडघे वाकूं लागले. तेव्हां दोन्हीं पाय प्लॅस्टरच्या सांच्यांत घालून गुडघ्यांमागें रोज थोडी थोडी पाचर ठोकीत ते सरळ करण्यांत आले. पाय लुळे असले तरी पोलिओंत स्पर्शज्ञान जात नाहीं, वेदना पुरेपूर कळतात, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. पुढच्या महिन्यांत पोलादी पट्ट्या आल्या. कमरेपासून बुटांपर्यंत पोंचणाऱ्या ह्या पट्ट्यांचें वजन दोन्हीं मिळून सुमारें चौदा पौंड होतें. गुडघ्यापाशीं कडी असे. ती लावली कीं पाय काठीसारखे ताठ राहत, सोडली कीं बसतां येई. अशा पायांनीं पाऊल टाकावयाचें म्हणजे कुबड्यांवर भार घेऊन धडानें झोंका द्यावयाचा आणि एक एक पाय फेंकल्यासारखा पुढें आणावयाचा. लहान मूल वर्षाच्या आंत जें शिकतें, तें चाळिशींत पुन्हां शिकणें आलें, आणि तेंही पायांवांचून.

ह्याच सुमारास घरांत एक झगडा चालू होता. साराबाईंचें म्हणणें असें, कीं मुलानें आतां धडपड सोडावी, हाइड पार्कच्या वाड्यांत स्वस्थ राहावें, पुस्तकें वाचावीं, टपालाच्या तिकिटांचा संग्रह वाढवावा. पैशाची वाण नव्हती, सेवेला मनुष्यें होतीं. एलिनॉरबाई व हाउ यांचें म्हणणें अगदीं उलट : त्यांनीं कामांत पडलेंच पाहिजे, लोकांत मिसळलेंच पाहिजे. रोगी स्वतः कोणाच्या बाजूस होता, हें सांगणें नलगे. आईच्या मायेला आम्ही दोष देत नाहीं. परंतु आजारी मुलाभोंवतीं मायेच्या भिंती उभारण्याचा मोह आपल्याकडील आईबापांनाही होतो, आणि त्या भिंतींत मूल जन्मभर कोंडलें जातें. रूझवेल्ट यांच्या घरीं तसें झालें नाहीं ह्याचें मोठें श्रेय एलिनॉरबाईंना आहे. स्वभावानें त्या भिडस्त होत्या. पण नवऱ्याचें नांव लोकांच्या विस्मरणांत जाऊं नये म्हणून त्या सभांत उभ्या राहून बोलावयास शिकल्या.

उन्हाळ्यांत हाइड पार्कला एक नेम सुरू झाला. घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत सुमारें पाव मैलाची वाट होती. कुबड्यांवर ती पुरी करावयाची, असा त्यांचा रोजचा निश्चय. घामानें निथळत ते अर्ध्या वाटेवर थांबत व दुसऱ्या दिवशीं पुन्हां निघत. चाकांच्या बाजारी खुर्च्या त्यांना अवजड वाटत, म्हणून स्वयंपाकघरांतील साध्या खुर्चीला चाकें बसवून त्यांनीं स्वतःपुरती एक लहान खुर्ची करविली. वरच्या मजल्यावर जाण्यास सामानाच्या पेट्या चढविण्याचा जुना पाळणा होता. त्यांत बसून ते दोर आपल्या हातांनीं ओढीत. आगीची त्यांना फार धास्ती वाटे. घर पेटलें आणि जवळ कोणी नसलें तर काय, म्हणून जमिनीवरून हातांच्या बळानें सरपटत दारापर्यंत जाण्याचा सराव त्यांनीं केला. दंड व छाती एखाद्या मल्लासारखीं भरलीं. पाय मात्र बारीक होत गेले.

१९२२ च्या ऑक्टोबरांत ते प्रथमच न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रस्त्यावरील आपल्या कचेरींत जावयास निघाले. इमारतीच्या दालनांत फरशी गुळगुळीत होती. कुबडी निसटली, आणि हा प्रसिद्ध पुरुष परक्या लोकांच्या गर्दींत जमिनीवर आडवा झाला. त्यांनीं हंसत हंसत गर्दींतील तरुणांना हात देण्यास सांगितलें, पुन्हां उभे राहिले व वर गेले. परंतु त्यानंतर बरेच दिवस ते त्या कचेरीकडे फिरकले नाहींत. ह्या हंसण्याचीच सर्व चरित्रकार स्तुति करतात. आम्हांस ते न फिरकलेले दिवसही तितकेच महत्त्वाचे वाटतात. ज्याला पडण्याची लाज वाटली नाहीं असा तो मनुष्य नव्हता. लाज वाटूनही तो पुन्हां बाहेर पडला.

ता. २६ जून १९२४ रोजीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें त्यांच्या पक्षाचें अधिवेशन भरलें असतां, आल्फ्रेड स्मिथ यांचें नांव अध्यक्षपदासाठीं सुचविण्याचें काम त्यांच्याकडे आलें. सोळा वर्षांचा मुलगा जेम्स त्यांना व्यासपीठाजवळ घेऊन आला. शेवटचें अंतर त्यांनीं एकट्यानें कुबड्यांवर कापावयाचें होतें. हजारों लोक श्वास रोखून पाहत होते. मेज हातीं लागलें तेव्हां ते घामानें भिजले होते. त्यांनीं दोन्हीं हातांनीं तें घट्ट धरलें, मान वर केली व ते हंसले. स्मिथ यांची निवड त्या अधिवेशनांत झाली नाहीं. एकशें तीन वेळां मतें घेतल्यावर भलत्याचेंच नांव ठरलें. पण ह्या पंगु वक्त्याला पक्ष विसरला नाहीं.

तीन वर्षांत त्यांनीं उपाय करावयाचे ठेवले नव्हते. सूर्यस्नान, विजेचा पट्टा, समांतर दांड्या, मोठी तीनचाकी, फ्लॉरिडाच्या उबदार समुद्रांत पोहणें, सर्व झालें. अशांत जॉर्जिया संस्थानांतील वॉर्म स्प्रिंग्स ह्या खेड्याची बातमी लागली. तेथील झऱ्याच्या पाण्यांत पोहून एका पोलिओग्रस्त तरुणास बराच गुण आला होता. आपल्याकडे वज्रेश्वरीस अथवा कोंकणांत उन्हवऱ्यास गरम पाण्याचीं कुंडें आहेत, परंतु त्यांतील पाणी चटके देणारें. वॉर्म स्प्रिंग्सचें पाणी सुमारें ८८ अंश फॅरेनहाइट, म्हणजे अंगाला जेमतेम कोंबट लागणारें. त्यांत घटकान् घटका राहिलें तरी थकवा येत नसे, आणि क्षारांमुळें शरीर हलकें होऊन तरंगे. ऑक्टोबर १९२४ मध्यें रूझवेल्ट तेथें आले. उन्हाळी हवाखाण्याचें तें जुनें ठिकाण मोडकळीस आलेलें होतें. पण पाण्यांत उतरल्यावर, जमिनीवर जे पाय त्यांचा भार एक क्षणही घेत नसत, त्यांवर ते उभे राहिले. पाण्याच्या आधारानें चालूंही लागले.

ही बातमी अटलांटाच्या एका वर्तमानपत्रानें छापली, आणि तेथून ती देशभर गेली. पुढच्या वर्षीं एक नवलच झालें. कोणीं बोलाविलें नसतां लुळीं मुलें व माणसें आगगाडीनें येऊं लागलीं. तेथें डॉक्टर नव्हता, खाटा नव्हत्या, त्यांना ठेवून घ्यावयास कोणी तयार नव्हतें. तेथें येणाऱ्या धडधाकट पाहुण्यांना तर ह्या लोकांच्या शेजारीं बसून जेवण्याचीही भीति वाटे. रूझवेल्ट यांनीं त्यांची व्यवस्था लावली, गांवच्या डॉक्टरास बोलावून त्यांना तपासविलें, आणि स्वतः पाण्यांत उतरून कोणता स्नायु कसा हलवावा हें एकेकास शिकविलें. डॉ. लव्हेट यांच्याकडून शिकलेलें स्नायुशास्त्र असें उपयोगीं आलें. लोक त्यांना थट्टेनें डॉक्टर रूझवेल्ट म्हणूं लागले.

आमच्या समजुतीनें त्यांच्या पुनर्वसनाची खरी सुरुवात येथें झाली. तोंवर त्यांचें सारें लक्ष स्वतःच्या दोन पायांवर होतें. येथें ते प्रथमच अशा लोकांत आले, कीं ज्यांत कोणी कोणाची कींव करीत नव्हता.

१९२६ सालीं त्यांनीं तें सबंध ठिकाण सुमारें दोन लाख डॉलरांस विकत घेतलें. ही रक्कम त्यांच्या संपत्तीच्या दोनतृतीयांश होती. पांच मुलांचीं शिक्षणें व्हावयाचीं, अशा वेळीं हा व्यवहार एलिनॉरबाईंना धोक्याचा वाटला, आणि हिशेबाच्या दृष्टीनें त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. त्याच वर्षीं डॉ. हबर्ड यांच्या देखरेखीखालीं २३ रोग्यांवर उपचार करून त्याची नोंद ठेवण्यांत आली. अस्थिवैद्यांचा अभिप्राय अनुकूल पडला, व १९२७ सालीं संस्थेची रीतसर स्थापना झाली.

संस्थेंतील रीत पाहण्यासारखी होती. प्रत्येक रोग्याचा एक एक स्नायु तपासून त्याच्या शक्तीची नोंद केली जाई, आणि त्याप्रमाणें पाण्यांतील व्यायाम ठरत. मग जमिनीवर शिक्षण : पट्ट्या घालून उठणें, बसणें, पायऱ्या चढणें, पडल्यावर न घाबरतां उठणें. पण सकाळचे उपचार संपले म्हणजे दिवस संपत नसे. जेवणास नीटनेटके कपडे करून सर्वांनीं एकत्र बसावें, नाटकें करावीं, पत्ते खेळावेत, चाकांच्या खुर्च्यांच्या शर्यती लावाव्यात. इमारतींना पायऱ्यांऐवजीं उतरण्या होत्या. नोव्हेंबरांत आभारप्रदर्शनाच्या सणास रूझवेल्ट स्वतः मेजाच्या अग्रभागीं बसून भोजनाचा टर्की पक्षी कापीत, आणि शेजारीं बसण्याचा मान लहान रोग्यांना मिळे. घरीं ज्यांना पाहुणे आले कीं आंतल्या खोलींत ठेवीत, अशीं मुलें येथें चारचौघांसारखीं वागावयास शिकलीं. पाण्यानें मेलेल्या पेशी जिवंत होत नाहींत. जो गुण आला तो व्यायामाचा, शिल्लक स्नायूंना लावलेल्या वळणाचा, आणि ह्या सहवासाचा.

रूझवेल्ट यांनीं येथें हातानें चालवितां येईल अशी मोटार करून घेतली आणि भोंवतालचीं खेडीं पालथीं घातलीं. शेतकऱ्याच्या अंगणांत गाडी उभी करून ते तासन् तास बोलत बसत. त्यांना उतरतां येत नव्हतें, म्हणून लोकच जवळ येत. आपल्या तेथील लहानशा घराचें विजेचें बिल हाइड पार्कच्या चौपट दरानें येतें, हें पाहून त्यांना खेड्यांतील विजेचा प्रश्न कळला. १९३५ सालीं खेड्यांस वीज पुरविणारें खातें त्यांनीं काढलें, त्याचें मूळ ह्या बिलांत असल्याचें ते पुढें सांगत.

दोन गोष्टी मात्र झांकून ठेवणें बरें नव्हे. ह्या संस्थेंत फक्त गोऱ्या रोग्यांना प्रवेश होता. काळे लोक तेथें स्वयंपाकास, झाडलोटीस व खुर्च्या ढकलण्यास असत. त्यांच्या लुळ्या मुलांना पाण्यांत उतरण्याची मुभा नव्हती. त्यांच्यासाठीं टस्कीगी येथें वेगळें केंद्र निघावयास १९४१ साल उजाडलें. जॉर्जियांतील त्या वेळच्या चालीरीतींचा तो परिणाम होता, हें खरें; पण संस्था ज्यांच्या मालकीची होती त्यांनीं ती चाल मोडली नाहीं, हेंही खरेंच.

दुसरी गोष्ट, त्यांनीं आपलें पंगुत्व लोकांपासून लपविलें. वॉर्म स्प्रिंग्समध्यें ते पट्ट्या काढून उघड्या पायांनीं बसत. बाहेर निघाले कीं सोंग सुरू होई. एका हातांत काठी, दुसऱ्या हातानें मुलाच्या दंडाला धरलेलें, वर हंसतमुख गप्पा. त्या दंडावर किती भार पडे तें मुलासच माहीत. खुर्चींत बसलेले किंवा उचलून नेले जात असतांना त्यांचीं छायाचित्रें घेऊं नयेत असा संकेत होता, आणि रक्षक तो पाळावयास लावीत. पंगु मनुष्याला मतें कोण देणार, असा तो काळ होता. आम्ही त्यांना ढोंगी म्हणणार नाहीं. पण त्यांनीं रोगावर विजय मिळविला, असें जें लोक समजत होते, तें ह्या लपविण्यामुळेंच. विजय मिळाला नव्हता. १९२८ नंतर त्यांच्या पायांत नवी शक्ति आली नाहीं.

त्याच १९२८ सालीं स्मिथ यांनीं त्यांना न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदासाठीं उभे राहण्याची गळ घातली. आणखी दोन वर्षें उपचार केले तर आपण काठीवर चालूं, अशी त्यांना आशा होती. म्हणून ते वॉर्म स्प्रिंग्सला दूरध्वनि टाळीत बसले. शेवटीं ते कबूल झाले. पायांची आशा त्या दिवशीं त्यांनीं मागें ठेवली, असें म्हणावयास हरकत नाहीं. प्रचाराच्या वेळीं कित्येक सभागृहांत त्यांना मागच्या लोखंडी जिन्यावरून उचलून न्यावें लागलें. सुमारें पंचवीस हजार मतांच्या अधिक्यानें ते निवडून आले.

पुढील इतिहास सर्वांस विदित आहे. ४ मार्च १९३३ रोजीं जेम्सच्या हाताला धरून ते शपथ घेण्यास आले, तेव्हां देशांतील सुमारें चौथा हिस्सा कामगार बेकार होता व बँका बंद पडत होत्या. चार वेळां लोकांनीं त्यांना निवडून दिलें. दुसऱ्या महायुद्धाचा भार त्यांनीं ह्याच पायांवर उचलला. २७ जून १९३६ रोजीं फिलाडेल्फियाच्या मैदानांत एका वृद्ध कवीशीं हस्तांदोलन करावयास ते वळले, तोंच गुडघ्याची कडी सुटली व ते पडले. भाषणाचीं पानें चिखलांत विखुरलीं. रक्षकांनीं भोंवतीं कडें केलें, कडी पुन्हां लावली, कपडे झटकले, आणि कांहीं मिनिटांतच त्यांनीं आपलें भाषण केलें.

आतां नाण्याची गोष्ट. वॉर्म स्प्रिंग्सचा खर्च चालविण्यासाठीं १९३४ पासून दर ३० जानेवारीस, त्यांच्या वाढदिवशीं, गांवोगांव समारंभ होऊन पैसा जमूं लागला. जानेवारी १९३८ मध्यें बालपक्षाघाताविरुद्ध एक राष्ट्रीय निधि स्थापन झाला. लोकांनीं दहा सेंटांचें एकच नाणें थेट राष्ट्राध्यक्षांच्या घरीं पाठवावें, अशी कल्पना एडी कँटर ह्या विनोदी नटानें रेडिओवरून मांडली. कोणाला वाटलें नव्हतें इतकी पाकिटें आलीं. टपाल वेगळें करणाऱ्यांना दुसरें काम सुचेना. मोजणी झाली तेव्हां नाणीं २६ लाख ८० हजार भरलीं, म्हणजे २ लाख ६८ हजार डॉलर. त्यांत शाळेंतील मुलांचीं नाणीं पुष्कळ होतीं. ह्या निधींतून रोग्यांचे उपचार झाले, व्यायामोपचार शिकलेल्या परिचारिका तयार झाल्या, आणि रोगावर लस शोधण्याचें काम चाललें.

जुलै १९४४ मध्यें हवाई बेटांतील एका लष्करी रुग्णालयास त्यांनीं भेट दिली. हात, पाय तुटलेले तरुण सैनिक जेथें होते त्या दालनांतून आपणांस चाकांच्या खुर्चींतून, अगदीं सावकाश, प्रत्येक खाटेजवळून न्यावें, असें त्यांनीं सांगितलें. बावीसतेवीस वर्षें जे पाय लोकांपासून लपविले, ते त्या दिवशीं त्यांनीं आपण होऊन दाखविले. भाषण केलें नाहीं. मार्च १९४५ मध्यें याल्टाहून परतल्यावर विधिमंडळासमोर ते प्रथमच बसून बोलले, आणि पायांवर दहा पौंड पोलाद वागविण्याचा त्रास वांचतो असें त्यांनीं उघडपणें सांगितलें.

ता. १२ एप्रिल १९४५ रोजीं वॉर्म स्प्रिंग्स येथील आपल्या घरीं त्यांचें चित्र काढण्याचें काम चालू असतां मेंदूंत रक्तस्राव होऊन त्यांचा अंत झाला. वय त्रेसष्ट होतें. दुसऱ्या दिवशीं त्यांची शवपेटी संस्थेच्या दारावरून गेली, तेव्हां खुर्च्यांत बसलेलीं लहानथोर रोगी मंडळी रस्त्याच्या कडेला रांगेनें थांबलेली होती.

बरोबर दहा वर्षांनीं, १२ एप्रिल १९५५ रोजीं, डॉ. जोनास साल्क यांची पोलिओची लस गुणकारी ठरल्याचें जाहीर झालें. त्या संशोधनाचा खर्च दहा दहा सेंटांच्या निधीनें चालविला होता. पुढें डॉ. अल्बर्ट सेबिन यांनीं तोंडांत घालावयाचे थेंब काढले. आपल्या देशांत १९९५ पासून गांवोगांव जे पल्स पोलिओचे रविवार पाळण्यांत आले, ते ह्या थेंबांचे. भारतांतील नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रोगी २०११ च्या जानेवारींत हावडा जिल्ह्यांत आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं आपला देश पोलिओमुक्त ठरला. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या आजोबांच्या पिढींत एका पायानें लंगडणारे सोबती प्रत्येक शाळेंत असत.

वॉशिंग्टन शहरांत १९९७ सालीं रूझवेल्ट यांचें मोठें स्मारक उभें राहिलें. त्यांतील पुतळ्यावर लांब झगा असा पांघरलेला आहे, कीं खालची खुर्ची सहजासहजीं दिसूं नये. अपंग लोकांनीं ह्यावर हरकत घेतली, स्वतः वर्गणी जमविली, आणि २००१ च्या जानेवारींत प्रवेशद्वाराशीं दुसरा पुतळा बसविला. त्यांत ते स्वयंपाकघरांतील खुर्चीला चाकें लावून केलेल्या आपल्या त्या लहान खुर्चींत बसलेले आहेत.